पिवळ्या सदऱ्यातली

माणूस माणसाला कशावरून ओळखतो, हा प्रश्न बहुतेकांना जन्मभरात एकदाही पडत नाही. थोरलीला तो महाविद्यालयाच्या प्रथम वर्षातच पडला, आणि उत्तर वेळेवर सापडले नसते तर तिची पावले पुन्हा घराकडे वळली असती.

तिच्या घरचे धुलाईचे दुकान होते. दर्शनी बाजूस लाकडी फळी. फळीमागे आई उभी राहून कपडे घेई आणि देई. आईच्या पाठीशी, छताला टांगलेल्या दांडीवर, इस्त्री झालेल्या कपड्यांची दाट रांग असे. त्या रांगेमागे इस्त्रीचे लांब मेज, आणि मेजाशी वडील व थोरली. दांडीची उंची अशी होती की मेजाशी बसणाऱ्यास फळीपलीकडच्या माणसाचे मुख कधी दिसू नये. दिसे ते हनुवटीखालचे तेवढे: कॉलर, गुंड्या, खिसा, बाही. थोरलीने बालपणापासून जग पाहिले ते असे, मस्तकविरहित.

“बाबा, शाईचा खिसा आला,” ती म्हणे.

“आला का? त्याला म्हणावं, पेनाला टोपण लावत जा. मागे कोण आहे त्याच्या?”

“हिरवी पट्टी. पोट वाढलंय, मधली गुंडी रडकुंडीला आलीय.”

“हळू बोल गं, ऐकेल तो!”

“ऐकलंच त्यांनी!” फळीवरून आई म्हणे, आणि हिरव्या पट्ट्यांचा सदरा गदगदा हलताना थोरलीला दिसे. हसू तिला असे गुंड्यांवरूनच कळत असे.

यात काही उणे आहे असे त्या घरात कोणालाही कधी वाटले नाही. गिऱ्हाइकांची तोंडे आईने ओळखावीत आणि कापडे बापलेकींनी, अशी कामाची वाटणी आपोआप झाली होती. प्रत्येकाचा एकूण एक कपडा याच मेजावरून जात असल्यामुळे कोणी कोणताही सदरा घालून आला तरी थोरलीची ओळख चुकत नसे. नाव विचारण्याचा तर प्रसंगच येत नसे. कॉलरच्या आतल्या बाजूस रंगीत दोऱ्याची खूण असे आणि तेवढी पुरे होई.

डाग कशाने जातो, हे तिच्या हातांना ठाऊक होते. तो का जातो, हे जाणण्याची तिला ओढ लागली होती. त्या ओढीनेच ती रसायनशास्त्र शिकण्यासाठी परगावी निघाली. निघतेवेळी वडिलांनी हातातली इस्त्री उभी करून बाजूला ठेवली. भर कामाच्या वेळी इस्त्री खाली ठेवणे हा त्यांच्या लेखी मोठाच सन्मान होता.

“थोरले,” ते म्हणाले, “अभ्यासातलं मला काही कळत नाही. ते तू बघशीलच. पण तू पडलीस मुखदुर्बळ. म्हणून एकच सांगतो. पहिली सुट्टी लागेपर्यंत तिथं एक तरी माणूस जोड. एक जोडलंस की तू टिकलीस. नाहीच जमलं तर सरळ गाडी पकड आणि ये. मेज आहेच तुझं.”

मायेने उच्चारलेले ते शेवटचे वाक्य थोरलीच्या मनात धास्ती होऊन बसले. मेज आहेच, हे तिला पुरेपूर ठाऊक होते. ते इतके जवळचे आणि इतके उबदार होते की एकदा परतले की पुन्हा उठणे नाही, हेही तिला ठाऊक होते.

महाविद्यालयाची वास्तू प्रशस्त होती. रुंद पायऱ्यांच्या कडा अनेक पिढ्यांच्या पावलांनी गोलसर झाल्या होत्या. थोरलीने आत शिरण्यापूर्वी पायरीला हात लावून तो कपाळाशी नेला आणि मग जे पहिले दार उघडे दिसले त्यातून आत जाऊन मागच्या बाकावर बसली. तासभर एक प्राध्यापक फळ्यावर षट्कोनांना षट्कोन जोडीत गेले. तिला त्यातले अक्षर कळले नाही. तरी आदर म्हणून ती मान डोलवीत राहिली.

बाहेर पडताच कोणीतरी तिचा हात धरला.

“अगं ए, पहिल्या वर्षाची ना तू? मघाशी पायऱ्यांवर मी तुझ्या मागेच होते.”

“हो.”

“मग शेवटच्या वर्षाच्या तासाला काय करत होतीस? मी दारातून खुणा करून करून दमले. आणि तू आपली मान डोलवतेयस!”

“मला वाटलं,” थोरली म्हणाली, “कॉलेज एवढंच अवघड असत असेल.”

समोरचा पिवळा सदरा हसण्याने नुसता घुसळून निघाला. थोरलीची दृष्टी सवयीप्रमाणे त्या सदऱ्यावर स्थिरावली होती. वस्त्र उत्तम सुती. रंग उन्हात वाळल्याने किंचित उतरलेला. उजव्या कोपरावर हातचे रफू, इतके नाजूक की ते करणाऱ्या बोटांना मनोमन नमस्कार करावा. अशी माया ज्या वस्त्रावर झाली आहे ते परिधान करणारी व्यक्ती वाईट असूच शकत नाही, असा निर्णय थोरलीने तत्क्षणी दिला. आणि तो निर्णय खराही होता. पिवळ्या सदऱ्यातल्या त्या मुलीने तिला योग्य वर्ग दाखवला, शेजारी बसवून घेतले, स्वतःच्या डब्यातले अर्धे तिच्यापुढे सरकवले.

“मी मावशीकडे राहते,” ती म्हणाली. “मावशी डबा भरते तो पैलवानासाठी. खा, नाहीतर मला ओरडा बसेल. आणि ऐक, प्रयोगशाळेत जोड्या करायच्या असतात. वर्षभर तीच जोडी. आपण दोघी. ठरलं?”

“ठरलं,” थोरली म्हणाली, आणि सायंकाळी वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून तिने घरी फोन लावला.

“बाबा, एक जण भेटली.”

“शाब्बास! कोण?”

“पिवळा शर्ट. कोपराला रफू.”

“हातचं की मशीनचं?”

“हातचं. टाके दिसत नाहीत.”

“मग घर चांगलं आहे,” वडील समाधानाने म्हणाले. “सोडू नको हिला.”

दुसऱ्या दिवशी पिवळा सदरा आलाच नाही.

वस्तुस्थिती अशी होती की तो सदरा मावशीच्या दोरीवर वाळत होता, आणि त्यातली मुलगी करड्या रंगाचा सदरा घालून तिसऱ्या बाकावर, थोरलीसाठी जागा धरून बसली होती. तिने हात हलवला. थोरलीने तो हात पाहिला, त्यावरची करडी बाही पाहिली, कोणीतरी कोणालातरी बोलावत आहे असे समजून ती पुढे गेली आणि एकटीच कोपऱ्यात बसली. तिसऱ्या दिवशी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. मुलगी हसली. थोरलीची नजर तिच्या निळ्या कॉलरवरून घसरून पुढच्या माणसाच्या कॉलरवर गेली. ते हसू जिन्यातच राहिले. पुढच्या दिवशी मुलीने बाकावरची जागा धरली नाही.

इकडे थोरली रोज दाराशी उभी राहून पिवळ्या रंगाची वाट पाहत होती. एकदा ग्रंथालयात तो तिला दिसला! पाठमोरा, पुस्तकांच्या कपाटाशी. ती जवळजवळ धावतच गेली आणि तिने आनंदाने तो दंड धरला.

“किती शोधलं तुला! होतीस कुठे?” म्हणत तिने कोपर उलटून पाहिले, आणि ती गोंधळली. “रफू कुठे गेलं?”

“कसलं रफू?” ग्रंथपाल बाईंनी विचारले. त्यांच्या आयुष्यात कोणी त्यांचे कोपर इतक्या बारकाईने तपासले नव्हते. “बाळ, तुला पुस्तक हवंय की शिंपी?”

ग्रंथालयात हसण्यास मनाई होती, म्हणून सगळे आवाज दाबून हसले आणि ते अधिकच वाईट झाले. पलीकडच्या मेजावर करड्या सदऱ्यातली मुलगीही बसली होती. ती मात्र हसली नाही. परक्या बाईंच्या गळ्यात पडते आणि आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही, एवढेच तिला त्यातून कळले. तिने पुस्तक मिटले आणि ती उठून गेली.

भरीस भर म्हणून वर्गातल्या एका उंच मुलाच्या गळ्यापाशी थोरलीला तेलकट रेघ दिसली आणि तिला राहवले नाही.

“खडूची पूड लावून ठेवा रात्रभर,” ती हळूच म्हणाली. “सकाळी निघेल.”

“माझ्याशी बोलतेस की माझ्या कॉलरशी?” उंच मुलाने विचारले. “वर बघ ना जरा, मी इकडे राहतो!”

तेव्हापासून वर्गात तिचे नाव ‘कॉलर’ पडले. उंच मुलगा दुष्ट नव्हता. त्याने खडूची पूड लावली, डाग निघाला, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ गळा घेऊन तिच्यासमोर येऊन म्हणाला, “कॉलरबाई, बघा, पास की नापास?” पण थोरलीने त्याला ओळखलेच नाही. ओळखीची तेलकट रेघच उरली नव्हती. तोही खांदे उडवून निघून गेला. अशा रीतीने माणसे तिच्याजवळ येत होती आणि एकेक दिवसाचे आयुष्य भोगून तिच्या लेखी अदृश्य होत होती. तिला मात्र वाटत होते की या गावात कोणी कोणाला दुसऱ्यांदा भेटतच नाही.

पहिली सुट्टी जवळ आली होती. प्रयोगशाळेचा पहिला तास सुट्टीच्या अलीकडेच ठेवलेला होता. आदल्या संध्याकाळी तिने फोन लावला तो सामान बांधावयास घेऊनच.

“बाबा, मी येते. माणूस नाही जोडलं गेलं.”

“का? पिवळी कुठे गेली?”

“त्या दिवसानंतर आलीच नाही. जोडी करू म्हणाली होती, आणि कॉलेजच सोडलं असेल. रोज बघते मी, पिवळा शर्ट नाहीच कुठे.”

“अरेरे,” वडील म्हणाले. त्यांनाही त्यात काही विसंगत वाटले नाही. “रफू चांगलं होतं गं.”

तेवढ्यात तिकडे फोनची ओढाताण झाल्याचा आवाज आला.

“द्या इकडे!” आईचा स्वर होता. “काय गं, ती मुलगी रोज तोच शर्ट घालेल होय? धुवायचा कधी? धुलाईवाल्याची पोर तू, आणि हे तुझ्या डोक्यात आलं नाही?”

थोरली जिन्याच्या पायरीवर मटकन खाली बसली.

“ती तुझ्यासमोरून गेली असेल, वेडे, रोज!” आई बोलतच होती. “आणि तू तिच्या बाह्या बघत बसलीस. नाव तरी विचारलंस का?”

“नाही.”

“तोंड आठवतं?”

थोरलीने डोळे मिटले. रफूचा एकेक धागा डोळ्यांपुढे उभा राहिला, गळ्याची शिवण उभी राहिली, आणि शिवणीच्या वर, जेथे मुख असावयास हवे, तेथे दुकानातल्या दांडीवरच्या कपड्यांची दाट रांग.

“नाही आठवत,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

 आईला जे हसू फुटले ते आवरता आवरेना. “चूक माझीच गं बाई. एक दिवस तरी तुला फळीवर उभं करायला हवं होतं. ऐक आता. उद्या वर बघायचं. आधी डोळे, मग बाकीचं. लाजायचं नाही, समोरचाही माणूसच असतो. आणि सापडली की पहिली तिची माफी माग.”

“सापडेल कशी?”

“ते मला काय ठाऊक? माझ्याकडे माणसं आपल्या पायांनी येतात,” आई म्हणाली.

प्रयोगशाळेच्या दाराशी पाऊल ठेवताच थोरलीचा धीर खचला. सगळ्यांच्या अंगावर शुभ्र, नवे, एकाच मापाचे वाटावेत असे डगले होते, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. कोठे डाग नाही, झीज नाही, रफू नाही. तिला वाचता येणारी एकुलती एक लिपी कोणीतरी धुऊन टाकली होती.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक वयोवृद्ध होते. उपकरणांना ते एखाद्या झोपलेल्या मुलाला करावा तसा हळुवार स्पर्श करीत. “मुलांनो,” ते म्हणाले, “आपापला जोडीदार घेऊन मेजापाशी उभे राहा. आज जी जोडी होईल ती वर्षअखेरपर्यंत. ज्यांना कोणी नाही त्यांची जोडी मी लावीन. मात्र माझ्या अनुभवाने सांगतो, मी लावलेल्या जोड्या फारशा सुखाने नांदत नाहीत.”

हशा पिकला आणि धांदल सुरू झाली. थोरलीने एक दीर्घ श्वास घेतला आणि मान वर उचलली.

मग तिने जे पाहिले त्याने ती थक्क झाली. केवढी ही विविधता, आणि ती आजवर नेमकी डोळ्यांच्या वर एक वीत राहिली होती! एकीच्या भुवया मध्यभागी जुळलेल्या, जणू पक्षी पंख पसरून स्थिर झाला आहे. एकाच्या नाकावर चष्म्याने उमटवलेल्या जुळ्या खुणा. एकीच्या गालावर उशीची वळी अजून तशीच. ही घाईने उठून आली असावी. कोणाच्या ओठांत घबराट, कोणाच्या डोळ्यांत उत्सुकता. एका बऱ्याच उंचावरच्या मुखाने तिच्याकडे पाहून भुवई उडवली आणि ते म्हणाले, “अरे वा, कॉलरबाई चक्क वर आल्या!” ते मुख खट्याळ होते आणि चांगले होते. प्रत्येक मुखावर कसर न ठेवता काही ना काही लिहिलेले होते, आणि ती अक्षरओळख नसलेल्या मुलासारखी त्यांच्यामधून चालली होती. यातले तिचे कोणते?

मेजे भरत चालली. तिने सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. अनेकांनी तिच्याकडे कुतूहलाने पाहिले, काहींनी स्मित केले, बहुतेकांनी लक्षच दिले नाही. खिडकीजवळच्या मेजापाशी मात्र एक मुलगी एकटी उभी होती. थोरलीची आणि तिची नजरानजर झाली, आणि त्या मुलीने खाड्कन मान फिरवली. गाल फुगले होते. कानाची पाळी लाल झाली होती. खिडकीबाहेर पाहण्यासारखे काहीही नव्हते, एक भिंत होती. ती त्या भिंतीकडे निश्चयपूर्वक पाहत होती.

थोरलीच्या मनात लख्ख प्रकाश पडला. परक्यावर कोणी असे रुसत नाही. एवढ्या मोठ्या दालनात तिच्यावर रागावण्याचा अधिकार असलेली व्यक्ती एकच होती. ती धावली.

“पिवळा शर्ट तूच ना?”

“मला काय शर्ट म्हणतेस?” मुलगी भिंतीशीच बोलली. “आज बरी आठवण झाली! जोडी नाही मिळाली वाटतं. जा की तुझ्या ग्रंथपाल बाईंकडे.”

“त्यांना मी तूच समजले होते.”

आता मुलीने मान वळवली. “मला? त्या साठीच्या आहेत!”

“पण शर्ट पिवळा होता.”

“म्हणजे?”

थोरलीने सांगितले. आयुष्यात ती सलग इतके कधी बोलली नव्हती. दांडी, मेज, रांग, शाईचा खिसा, हिरवी पट्टी, रोज दाराशी उभे राहणे, बांधावयास काढलेले सामान, सगळे एका दमात बाहेर पडले. “आणि आई म्हणाली, आधी माफी माग. तर माफ कर. तू हसलीस ते मला दिसलंच नाही गं. मी तुझं तोंड कधी बघितलंच नव्हतं.”

मुलीचे फुगलेले गाल थरथरू लागले. प्रथम वाटले, ती रडणार. पण ते हसू होते, आणि थोरलीने आपल्या जन्मात प्रथमच एक हसू मुळापासून उगवताना पाहिले: आधी डोळ्यांच्या कोपऱ्यांत, मग नाकपुड्यांत, आणि शेवटी ओठांना काही इलाजच उरला नाही.

“आणि मी घरी मावशीला सांगत होते, भारी शिष्ट मुलगी आहे! डबा खाल्ला आणि विसरली!” तिने डोळे पुसले. “मग आज कसं ओळखलंस? आज तर सगळेच पांढरे.”

“सगळ्या खोलीत माझ्यावर चिडलेली तू एकटीच होतीस.”

“अजून आहे!” मुलगी म्हणाली. “थोडी. दुपारपर्यंत राहीन म्हणते.”

“या मेजावर तह झाला असेल,” मागून प्राध्यापकांचा शांत स्वर आला, “तर द्रवाकडेही कृपादृष्टी व्हावी.”

दोघींनी घाईघाईने उभ्या काचनळीत अल्कली भरली, खाली पात्रात आम्ल घेतले, त्यात दर्शकाचा थेंब टाकला. नळीची तोटी सोडून द्रव थेंबाथेंबाने खाली येऊ द्यावयाचा, आणि पात्रात गुलाबी रंगाची पुसटशी छटा आली की त्याच क्षणी तोटी बंद करावयाची, एवढाच प्रयोग. तोटी थोरलीच्या हाती होती. मुलगी वाकून पात्र हलवीत होती, आणि आता तिने आपले नाव सांगितले, गाव सांगितले, मावशीचा स्वभाव सांगितला. थोरली ऐकत होती आणि पाहत होती. डाव्या भुवईत एक छोटी खाच होती. बोलताना हनुवटीला खळी पडत होती आणि ऐकताना ती नाहीशी होत होती. हे सारे जपून ठेवावयास हवे होते. उद्या काहीही घालून आली तरी चालेल, अशा बेताने.

“अगं, माझ्याकडे काय बघतेस? खाली बघ, खाली!”

थोरलीने खाली पाहिले. पात्रातला द्रव गुलाबीच्या कितीतरी पुढे जाऊन भडक किरमिजी झाला होता.

प्राध्यापक आले. त्यांनी पात्र उचलून उजेडात धरले, आणि मग दोघींच्या मुखांकडे क्रमाने पाहिले. “रंग सुंदर आहे,” ते म्हणाले. “निष्कर्ष मात्र शून्य. पुन्हा करा, अगदी पहिल्यापासून.”

बाकीच्या जोड्या डगले काढून बाहेर पडत होत्या. उंच मुलगा दारातून ओरडला, “कॉलरबाई, चहाला थांबू का?”

“थांब!” थोरली म्हणाली, त्याच्या डोळ्यांत पाहून, आणि तिने पात्र धुवावयास घेतले.